एका कॉफीचे पैसे

चिमणे,

तुझ्या एका कॉफीच्या पैशांत आमची आठवड्याची भाजी यायची, असं मी काल बोलून गेले आणि तू न जेवताच झोपलीस. आज दुपारी मी त्या दुकानात जाऊन तीच कॉफी घेतली. अगदी पाणचट. पण कप उचलायला आलेली मुलगी म्हणाली, "बसा हो काकू, काय घाई आहे?" तुझे बाबा गेल्यापासून मला 'बसा' म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. आमच्या वेळी शेजारीण हात धरून बसवायची. त्याचे पैसे पडत नसत, म्हणून मी ते खर्चात कधी धरलंच नाही. सुट्टीच्या दिवशी तू तिथे एकटी का बसतेस, ते आज कळलं.

मी पुन्हा तिथेच चालले आहे. घरी येऊन ही चिठ्ठी वाचलीस की पर्स न ठेवता तशीच तिकडे ये. समोरची खुर्ची धरून ठेवते. कॉफीच्या भावाबद्दल चकार शब्द काढणार नाही.

आई