चौथ्या कोशातले सहनशीलतेचे चित्र

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, छापखान्यातून निवृत्त झालेला मुद्रितशोधक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करायचे ते लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पत्नीचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही. याआधीची दोन मृत्युपत्रे मी रागाच्या भरात केली होती, ती रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीला. तिने चाळीस वर्षे माझ्या पुस्तकांवरची धूळ झटकली आणि दर वेळी विचारले, "वाचणार कोण हे?" उत्तर मला अजून सापडलेले नाही.

२. तत्त्वज्ञानाचे जुने सचित्र लॅटिन कोश, नग नऊ. त्यांत न्याय, शंका, काळ अशा एकेका कल्पनेचे माणसाच्या रूपातले कोरीव चित्र आहे. पैकी आठ ग्रंथालयाला द्यावेत. तिथल्या ग्रंथपालबाईंनी "परीक्षेला उपयोगी आहे का यात काही?" असे विचारले होते. तरी देतो, कारण दुसरे कोणी घेत नाही. अट एकच: ब्लेड घेऊन कोणालाही त्यांच्याजवळ फिरकू देऊ नये.

३. अटीचे कारण माझा धाकटा भाऊ. तो तसबिरींना चौकटी करतो. माझ्या साठाव्या वाढदिवसाला त्याने मला न विचारता चौथ्या कोशातले सहनशीलतेचे चित्र कापले, काचेत बसवले आणि मलाच भेट दिले. वर म्हणाला, "दादा, पुस्तकात मिटून पडलं होतं बिचारं. आता रोज दिसेल." तीनशे वर्षे वाळवीने जे सोडले, ते सख्ख्या भावाने सोडले नाही. तेव्हापासून अकरा वर्षे मी त्याच्याशी कामापुरते बोलतो, आणि काम काढत नाही. चित्रातली बाई खांद्यावर जू घेऊन बसली आहे. रोज दाढी करताना ती माझ्याकडे बघते. पत्नी ते उतरवू देत नाही.

तो कोश व ती चौकट दोन्ही भावाला द्यावीत. चित्र परत पुस्तकात चिकटवू नये. त्याचा डिंक मला ठाऊक आहे.

४. भावाला आज साक्षीसाठी बोलावले होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीची सही करायची नाही. कारण सांगितले तर सगळेच फुटले असते, म्हणून "तुझी सही नको" एवढेच त्याला सांगितले. आता तो बाहेर बाकावर तोंड फुगवून बसला आहे. दादाने आपल्याला सहीच्याही लायकीचे ठेवले नाही, असे त्याला वाटते.

चौकट उत्तम झाली आहे. चारही कोपऱ्यांत सांधा शोधून सापडत नाही, आणि माझा जन्म चुका शोधण्यात गेला. हे मी मेल्यावर त्याला वाचून दाखवावे, असे योजले होते. आता त्याची गरज नाही. सही झाली की बाहेर जाऊन मीच सांगतो.

ठिकाण: वकिलांची कचेरी, वरचा मजला
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा
(सही) लिहून देणार

साक्षीदार: तळमजल्यावरचे शिंपी (सही), समोरचे चष्मेवाले (सही)

लिहून देणाऱ्यांनी आमच्यासमोर सही केली. आमच्या सह्या होईपर्यंत त्यांना दोनदा हात धरून खाली बसवावे लागले.