अकरावं रीळ

ता. ४ मार्च

चि. बारक्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर केला म्हणून तू तिकडे तोंड फुगवून बसला असशील. सेहेचाळीसचा झालास तरी तुझी ती सवय काही जात नाही. दुकानात आता किती मोटारी वाइंडिंगला येतात ते कळव. डोळ्यांना नीट चष्मा घे, बारीक तारेशी झटापट करत बसू नकोस.

इथली बातमी चांगली नाही. नव्या मालकाने ३१ मार्चपर्यंत थिएटर रिकामं करायला सांगितलंय. मग पाडणार. वीज तोडून सात वर्षं झाली, पडद्याची चाळण झालीय, तेव्हा कधीतरी हे होणारच होतं. पडद्यामागच्या आपल्या दोन खोल्याही त्यातच जातील. मी काम करते त्या औषधाच्या दुकानाजवळ जागा बघून ठेवलीय, सामान बांधून झालंय. पण बाबा ढिम्म हलत नाहीत. खेळ संपलेला नाही, ऑपरेटर मध्येच खाली उतरत नसतो, असं म्हणतात. एक्क्याऐंशीचा माणूस, त्याच्याशी किती डोकं लावायचं?

रोज पाचच्या सुमारास ते जिना चढून प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये जातात आणि आतून कडी लावतात. मग मशीनचा आवाज येतो. वीज नाही, बारक्या! मी कान देऊन ऐकलंय. दहा मिनिटं आवाज चालतो, थांबतो, आणि ते घाम पुसत खाली येतात. विचारलं तर चहा टाक म्हणतात.

आणखी एक सांगते, हसू नकोस. पुढून तिसऱ्या रांगेत, कडेची एक खुर्ची आहे. त्या खुर्च्या स्प्रिंगच्या, माणूस उठला की आपोआप उभ्या राहतात हे तुला माहीतच आहे. ही एकटी खाली येते. पुरती खालीही नाही, अर्धवट. मी तेल घातलं, उभी केली, सुतळीने बांधली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला सुतळी जमिनीवर आणि खुर्ची पुन्हा तशीच.

तू ये. बाबा ऐकले तर तुझंच ऐकतील. आमचा लोभ तू गृहीत धरतोसच, तुझा या वेळी येण्यातून दिसू दे.

तुझी,
ताई

*

ता. ११ मार्च

ती. ताईस,

बारक्याचा सा. न. वि. वि.

तुझ्या भुताची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. तिचं म्हणणं, फुकट्या प्रेक्षक दिसतोय, तिकीट विचार म्हणजे पळेल. माझं म्हणणं, स्प्रिंग गंजलीय आणि सुतळी उंदरांनी सोडवली. मशीनला हाताने फिरवायची मूठ असते, त्यामुळे आवाजाचंही आश्चर्य नको. तू रात्रंदिवस औषधांच्या वासात असतेस, डोक्यावर परिणाम व्हायचाच.

आता येण्याचं. ताई, तू सोडून दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर पत्र फाडून टाकलं असतं. आई गेली त्या दिवशी तू मावशीकडे होतीस. मी थिएटरात होतो, सात वर्षांचा. दुपारचा खेळ होता, ते शिलाई मशीनवालीचं पिक्चर. आई तिकीटखिडकी बंद करून शेवटच्या रांगेत बसली, मी पुढे. तिला कधी बरं वाटेनासं झालं, कधी हॉस्पिटलात नेलं, मला कळलंही नाही. ती तिथे एकटी गेली आणि हा माणूस मशीनपाशी उभा राहिला. खाली उतरला नाही! वर धड रीळही लावता आलं नाही. बाराव्या रिळात नायिका मरते, त्यानंतर याने अकरावं पुन्हा लावलं. मेलेली बाई खदाखदा हसत शिवायला बसली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या बडवल्या. आणि मी काय केलं माहीत आहे? टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिवंत झाली. आई तिकडे जात होती आणि मी टाळ्या वाजवत होतो. याची लाज मला अजून वाटते.

पुढे शाळेत दहा वर्षं मी ‘अकरावाल्याचा पोर’ होतो. सतराव्या वर्षी घर सोडलं ते उगाच नाही.

बाबांना उचलून खाली आणायला माणसं लागली तर कळव, दोन पाठवतो. मुलगा मागू नकोस. तुझ्यावर राग नाही. आहे तशी माया ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
बारक्या

*

ता. १७ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र दुकानात उभ्याने वाचू नकोस. घरी जाऊन, बसून वाच.

परवा बॅटरीकाका आले होते, आपले डोअरकीपर, हातातल्या बॅटरीने लोकांना खुर्च्या दाखवायचे ते. थिएटर पाडणार हे कळलं म्हणून शेवटचं बघायला आले. तुझं पत्र मला पाठ झालेलं, त्यामुळे मी तोंड सोडलं. बायको मरतेय आणि माणूस जागचा हलत नाही, असं मोठ्याने बोलून गेले. काका पायरीवर बसले आणि म्हणाले, बाबांनी त्यांना शपथ घातली होती, पण आता शपथ पाळण्यासारखं उरलंय काय.

बारक्या, आई हॉस्पिटलात गेली नाही. ती खुर्चीतच गेली, बारावं रीळ चालू असताना. काकांच्या ते लक्षात आलं आणि ते धावत वर गेले. बाबा केबिनच्या खिडकीशी येऊन खाली बघत राहिले. बारावं संपायला तीन मिनिटं होती. खेळ थांबवला तर दिवे लागणार, दिवे लागले की तू मागे वळणार. तू नेहमी वळायचास, आईला हात करायला. अकरावं नुकतंच उलट गुंडाळून तयार ठेवलेलं होतं. बाबांनी तेच चढवलं. त्यात ती बाई हसते हे त्यांना ठाऊक होतं, पोरगं मागे बघणार नाही हे ठाऊक होतं. त्या दहा मिनिटांत काकांनी आणि दुसऱ्या एकाने आईला मागच्या दाराने बाहेर नेलं, आणि मग तुला हाताला धरून पडद्याशेजारच्या दाराने. त्यानंतर दिवे लागले. पुढची रिळं कुणी पाहिलीच नाहीत.

रीळ चुकलं नव्हतं रे. शिव्या खाल्ल्या, आडनाव पुसून ‘अकरावाले’ झाले, तीन महिने कामाविना घरी बसले, पण तोंडातून शब्द काढला नाही. हॉस्पिटलची गोष्टही त्यांचीच. पोराने टाळ्या वाजवल्या, त्या तेवढ्या त्याच्याजवळ राहू देत, असं काकांना म्हणाले होते.

मी हे ऐकलं आणि सरळ जिना चढून केबिनचं दार वाजवलं. त्यांनी उघडलं. त्या पिक्चरची प्रिंट भंगारात निघाली तेव्हा ते एक रीळ त्यांनी मागून घेतलं होतं. तेच मशीनवर चढवलेलं, दिव्याशिवाय, आणि मूठ हाताने फिरवत होते. समोर नुसता अंधार. आईसाठी चालवता का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तिला तर केव्हाच बाहेर नेलंय. तो अजून बसलाय ना, तिसऱ्या रांगेत.

मला पुढे लिहवत नाही. काय करायचं ते तू ठरव. तुझ्यावरची माया सांगायला वेगळं वाक्य आज सुचत नाही.

तुझी,
ताई

*

ता. २३ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चार दिवस दुकान उघडलं नाही. बायको जवळ बसून असते.

ती खुर्ची माझी आहे. मी इतका काटकुळा होतो की माझ्या वजनाने ती पुरती खाली यायची नाही. मी अर्ध्या मिटलेल्या खुर्चीत अडकल्यासारखा बसायचो आणि आई हसायची. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

सोबत बाबांना पत्र आहे. ते केबिनमध्ये वाचू नकोस. पाच वाजता खाली थिएटरात, त्या खुर्चीपाशी उभी राहून मोठ्याने वाच. मी गाडीचं तिकीट काढलंय, अठ्ठावीसला पोचतो. पण त्यांना त्याआधी कळायला हवं. तू माझ्यासाठी आजवर जे केलंस त्यात एवढी भर घाल.

तुझा,
बारक्या

(बाबांसाठी)

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

एकोणतीस वर्षांनी लिहितोय, अक्षर तुमच्यासारखंच झालंय. बाबा, मी पिक्चर पाहिलं. ती हसली, मी टाळ्या वाजवल्या, मला खूप आनंद झाला होता. त्या दहा मिनिटांचा आता मला राग नाही, लाजही नाही. तुमचे हात दुखत असतील. मी बाहेर आलोय. मोठा झालोय, मला दोन मुलं आहेत. आता तुम्ही दिवे लावा. मी मागे वळून बघेन. बघू शकेन.

तुमचा,
बारक्या

*

ता. २६ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू गाडीत बसायच्या आत हे मिळेल की नाही कोण जाणे. नाही मिळालं तर आल्यावर वाच, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

काल पाचला खाली उभी राहिले. खुर्ची तुझ्या वजनाएवढी खाली होती. वर मशीन सुरू झालं तसं वाचायला लागले. शेवटपर्यंत वाचलं. मशीन चालूच. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग रीळ संपलं, सुटलेलं टोक फटफट वाजायला लागलं. एरवी ते लगेच थांबवतात आणि उलट गुंडाळून ठेवतात. काल वाजू दिलं, आपोआप थांबेपर्यंत.

मग दिव्यांचं बटण वाजलं. वीज कुठली, नुसतं खट्. पण त्या आवाजासरशी तिसऱ्या रांगेतली खुर्ची ताडकन उभी राहिली. मी तिथून दोन हातांवर होते, बारक्या. मला भीती वाटली नाही. रडू आलं.

बाबा कठडा धरून जिना उतरले. कडी लावली नाही, केबिन उघडीच. खुर्चीकडे त्यांनी पाहिलंही नाही. तुला हाताला धरून बाहेर कुणी आणलं, एवढंच विचारलं. तो आपला आपण आला, असं मी सांगितलं. ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. नंतर म्हणाले, मग बांध माझंही सामान.

लवकर ये. आमचा लोभ दाराशी उभा आहे.

तुझी,
ताई