केळ्यांच्या खोलीची कडी

प्रिय नेत्रा,

पत्र पाहून दचकू नकोस. बाबा ठणठणीत आहेत आणि गुडघे सोडले तर मीही. फोनच केला असता, पण फोनवर मला एकतर रडू फुटतं नाहीतर राग येतो, आणि मागच्या वर्षी त्या रागाने काय केलं ते आपण दोघी जाणतो. म्हणून बसून लिहिते आहे. मध्येच सोडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू कॅनडात नर्स झालीस तेव्हा मी अख्ख्या आळीला पेढे वाटले होते. मग तू सांगितलंस, तुमच्या केंद्रात व्यसनी माणसं आपापली पुडी घेऊन येतात, तुम्ही त्यांना स्वच्छ सुई देता आणि समोर बसून राहता. माझं डोकंच फिरलं. अनुजला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्याची सख्खी बहीण लोकांना सुया वाटते! नाही नाही ते बोलून मी फोन ठेवला, तो आजतागायत पुन्हा केला नाही. तू एवढंच म्हणाली होतीस, "आई, मी इथे आल्यापासून आमच्या खोलीत एकही माणूस मेलेला नाही." ते वाक्य वर्षभर माझ्या पाठीस लागलंय.

गेल्या महिन्यात स्वरूप आला. अनुजचा दोस्त, दोघं एकत्रच बिघडले, म्हणून मी त्याला उंबऱ्याच्या आत घेत नसे. आता अंगाने भरलाय, रिक्षा चालवतो. चंदनसारला एक लहानसं केंद्र आहे, तिथे रोज सकाळी जाऊन जिभेखाली तलफ शमवणारी गोळी घेतो. गोळी हातात देत नाहीत. तिथली नर्स, रोझलिन सिस्टर, समोर बसते, ती विरघळेपर्यंत उठू देत नाही. तुमच्याकडे चालतं तसं आपल्या कायद्यात बसत नाही, पण समोर बसणं तेच. घरमालकाने त्यांना या महिनाअखेर जागा सोडायला सांगितलंय, गर्दुल्ल्यांची ये-जा नको म्हणून. आपली रस्त्यालगतची केळ्यांची खोली मिळेल का, असं विचारायला स्वरूप आला होता. मी नाही म्हणणारच होते. तो म्हणाला, "काकी, रोज कुणीतरी माझी वाट बघत बसतं. त्या लाजेने तरी मी जातो." मी त्याला घरात घेतलं आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी स्वतः चंदनसारला जाऊन बाकावर बसले. एक गवंडी आला, एक नाक्यावरची भाजीवाली आली, दोघं गोळी घेऊन कामाला गेली. कुणी झिंगत नव्हतं, कुणी चोरासारखं पाहत नव्हतं. मी रोझलिनला अनुजचं विचारलं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं. ती म्हणाली, तीन महिने व्यसन सुटलेलं असलं की शरीराची सवय मोडते, मग जुनं प्रमाण झेपत नाही, श्वास थांबतो. जवळ कुणी असतं तर बहुतेक वाचला असता.

नेत्रा, अनुज हृदय बंद पडून गेला नाही. तू तेव्हा फोनवर दोनदा विचारलंस आणि मी दोनदा खोटं बोलले. तो व्यसनमुक्ती केंद्रात होता तेव्हा मी गावभर सांगितलं होतं की पोरगा मस्कतला नोकरीला गेलाय. तीन महिन्यांनी घरी आला, छान दिसत होता गं, भाकऱ्या मागून मागून खात होता. पाचव्या दिवशी विलासभावजी घरच्यांना घेऊन लग्नाची पत्रिका द्यायला आले. मस्कतचा मुलगा घरात कसा दाखवू? मी त्याला म्हटलं, अर्धा तास केळ्यांच्या खोलीत बस. त्या खोलीला आतून कडी कधी नव्हतीच. केळी पिकत घातली की दार उघडायचं नाही, म्हणून कडी बाहेरून. हाताला सवय, मी ती लावली. पाहुण्यांनी दोन वेळा चहा घेतला. दार उघडलं तेव्हा तो गार पडला होता, शेजारी सुई. ती मी बावखलात टाकली, तळ्याच्या पाण्याने तिला गिळलं. बाबा तेव्हा घरी नव्हते, त्यांनाही हे मागच्या आठवड्यात सांगितलं. ते दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पक्कड घेऊन ती कडी उचकटून आले.

खोलीला चुना मारून झालाय. रस्त्याच्या बाजूने मोठी खिडकी पाडलीय, पंखा लावलाय. गावात बोंब आहे. आळीतला हितेश खोलीविरुद्ध सह्या गोळा करत फिरतोय, आणि रविवारी देवळाच्या सभागृहात बैठक आहे. मी बोलणार आहे. दुसऱ्याच्या पोरांविषयी नाही, अनुजविषयी, मस्कतविषयी, कडीविषयी. थुंकायचं तर माझ्या तोंडावर थुंकतील, पण खोली मी देणार. माझ्या सात-बारावर आहे ती.

सोमवारपर्यंत कुणी ना कुणी तुला फोन करीलच. भाऊ कसा गेला हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. आणि आणखी एक. श्वास मंदावला की पहिल्यांदा काय करायचं, डोकं कसं धरायचं, ते मला सावकाश लिहून पाठव. रोझलिन म्हणते सकाळी दोन तास तिला जोडीला माणूस हवं. समोरची खुर्ची मी घेतलीय.

तुझीच,
आई