डीकन बाहेर कधी येतो

३ एप्रिल, सकाळी ६.२०
व्हर्ना घर सोडून गेली त्याला अकरा दिवस झाले. तिचा कॉर्न स्नेक, डीकन, इथेच आहे. जीव लावलेला साप बायको मागे ठेवते म्हणजे तिला परत यायचं असतं. ईस्टरच्या आत येईल. तोवर मी फोन करायचा नाही.
डीकन: पहाटे पेटीच्या काचेला नाक घासत फेऱ्या. उजाडल्यावर पेटीतल्या झाडाच्या सालीखाली गडप.

४ एप्रिल
फोन केला. स्वतःसाठी नाही. डीकन खात नाही, हे तिला कळायला नको? गोठवलेला उंदीर गरम पाण्यात वितळवला, चिमट्यात धरून नाचवलासुद्धा. ढुंकून बघितलं नाही. व्हर्ना म्हणाली, तू जेवलास का? मग म्हणाली, जाऊ दे, सांगू नकोस. तिला काळजी आहे अजून.

७ एप्रिल
दिवसभर झोप. संध्याकाळी ६.५० ला बाहेर, अंधार पडेपर्यंत काचेवर वर-खाली. व्हर्ना कामावरून सातला यायची. वाट बघतोय बिचारा. मीही ग्रिट्स, म्हणजे मक्याची लापशी, तशीच टाकून दिली.

१० एप्रिल
उंदीर विकणाऱ्या ओडेलला सगळं सांगितलं. तो दुकानभर ऐकू जाईल असा हसला. म्हणाला, हॉलिस, बाबा रे, नर आहे तो! वसंतात खाणं सोडून मादी शोधत हिंडतात मेले. महिनाभर थांब, आपोआप खाईल.
ओडेलची तीन लग्नं मोडली. त्याला विरहातलं काय कळणार!

१२ एप्रिल
डीकनच्या नोंदींची तिची वही सापडली. तारीख, बाहेर किती वाजता, आत किती वाजता. त्याच्याखाली रोज माझंही! ‘हॉलिस: ८.१० गॅरेजमधून बाहेर. जेवला. बोलला नाही. ८.३० परत आत.’ अशी दोन वर्षं. कुठली बायको नवऱ्यावर इतकं लक्ष ठेवते? डोळे भरून आले.
शेवटचं पान: ‘डीकन: अर्धा तास माझ्या मनगटावर. हॉलिस: आत.’ त्या दिवशी गाडीचा कार्बोरेटर उघडलेला होता. माझा इलाज नव्हता.

ईस्टर
दोघांपुरतं हॅम आणलं. आली नाही. चर्च उशिरा सुटलं असेल.
ठरलं. साप न्यायला आली की ठणकावून सांगायचं: डीकन हवा तर इथे राहायला ये. फ्रिजसमोर तीनदा म्हणून बघितलं. छान जमतंय.

२ मे
डीकनने खाल्लं. लागोपाठ दोन उंदीर. मग उबेला वेटोळं घालून निवांत झोपला. मी त्याला म्हटलं, लाज नाही वाटत?

४ मे, संध्याकाळी ६.४५
व्हर्नाचा फोन, स्वतःहून! तिला सॅव्हाना शहरात घर मिळालंय. मी ठणकावलं, डीकन मिळणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी न्यायला येतच नाहीये, हॉलिस. असू दे तुला. घरात कुणीतरी हवं.
मग विचारलं, खायला लागला का?
मी म्हटलं, नाही. तुझी वाट बघतोय.
ती हळूच म्हणाली, मे लागला की तो दरवर्षी खातो रे. आणि फोन ठेवला.
व्हर्ना येणार नाही. लिहून बघितलं. खरं वाटतंय.