लाल सुतळीची पेटी

३ नोव्हेंबर २०२५

चूक दुरुस्त करते. माझ्या गाईड सरांना पेटंटची हाव सुटली आहे, असं शनिवारी लिहिलं. खोटं! घाई त्यांची नाहीच. डिसेंबरात विद्यापीठाची समिती येणार. पेटंटचा अर्ज गेलेला नसला, तर कॉलेजातलं आमचं संशोधन केंद्र बंद. सर म्हणाले, "अर्पिता, मोसंबी टिकवणारा तुझा लेपच आता आपल्याला तारणार." आणि डब्यातलं धपाटं माझ्यापुढे सरकवलं. काय मी तरी लिहिते माणसांबद्दल!

७ नोव्हेंबर

चाचणीच्या तिसऱ्या फेरीतही तेच — लेपाची मोसंबी टवटवीत, बिनलेपाची सुरकुतलेली. सरांनी पेढे वाटले. मला मात्र धाकधूक. इतकं सरळ कधी काही होतं का?

९ नोव्हेंबर, अंबड

घरी आले. दैवशाला आत्या आमच्या मोसंबीच्या बागेत चाचणीच्या पेट्या भरत होती. मला शाळेत घालण्याआधी तिनंच शिकवलं, बेरीज चिंचोक्यांवर. खेळात मी हरायला लागले की हळूच एक चिंचोका माझ्याकडे सरकवायची.

लाल सुतळीची पेटी लेपासाठी, पांढरी बिनलेपाची — मीच फोनवर सांगून ठेवलेलं. केंद्रात गोंधळ नको म्हणून! आज बघते तर आत्या एकेक फळ हातात फिरवून बघतेय. चकचकीत ते लाल पेटीत. डागाचं पांढरीत.

"आत्या, असं का गं?"

"मंग? तुझा लेप जिंकायला पाहिजे का न्हाई?"

"दर वेळी असंच भरलं?"

"बराबर असंच! तुझा बाप तर म्हणे, पांढरीत अजून खराब टाक."

म्हणजे तिन्ही फेऱ्यांचे निकाल फुकट! आणि हसूही आवरेना. संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

११ नोव्हेंबर

आत्याला फोनवर सगळं समजावलं. चांगलीच फळं लाल पेटीत गेली, तर ती लेपानं टिकली की मुळातच चांगली होती, हे कळणार कसं?

"म्हंजी लेप खोटा?"

"माहीत नाही, आत्या. तेच तर माहीत नाही."

"आन् केंद्र बंद पडलं तर? तुझं शिक्षण?"

 सरांचं धपाटं आठवलं.

१२ नोव्हेंबर

अर्ज तयार. सोमवारी सर सही करणार. आज दिवसभर त्यांच्या केबिनसमोरून नुसतीच ये-जा केली.

१४ नोव्हेंबर

अंबडच्या एसटीनं पेटी आली. एकच. सुतळीच नाही! पाठोपाठ आत्याचा फोन — "डोळ्याला पदर बांधून भरली. वाटणी तू कर."

सोमवारी, १७ तारखेला, सही व्हायच्या आत सरांना पेट्यांचं सगळं सांगणार.