माणसं वाचणं माझ्या हातचा मळ

३ जून
भूगोलातून सुटलो! मुख्याध्यापिकाबाईंनी अकरावीचा नवा ॲडव्हान्स्ड सायकॉलॉजीचा वर्ग मला दिला. पी.टी.चे सर म्हणतात, बाकी सगळे स्टाफरूममधून सटकले होते आणि मी एकटाच खुर्चीत डुलक्या घेत सापडलो. जळतात! बाईंनी माझ्यातली चमक हेरली. अट एकच, वार्षिक परीक्षेत वर्ग गडगडला तर कोर्स बंद. गडगडतोय कसला! माणसं वाचणं माझ्या हातचा मळ.

४ जून
पाठ्यपुस्तक आणलं. चांगलंच जाड आहे. उद्यापासून पहाटे उठून रोज एक प्रकरण.

५ जून, सकाळी ९
आत्ता उठलो. झोपेवर एक प्रकरण आहेच, त्याचं प्रात्यक्षिक झालं.

१२ जून
पहिला तास. दणकेबाज! फळ्यावर मेंदू काढला. पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, सर, हा आफ्रिका खंड वाटतो. म्हटलं, ज्याच्या मनात जे असतं तेच त्याला दिसतं, यालाच परसेप्शन म्हणतात. वर्ग अवाक्. मीही.

२ जुलै
कंडिशनिंग. पुस्तकात घंटेच्या नुसत्या आवाजानं कुत्र्याची लाळ गळते. इथे घंटा वाजली की चॉकलेट वाटायचं. आठवडाभरात नुसत्या घंटेनं पोरांच्या तोंडाला पाणी सुटेल.

९ जुलै
शिपाईमामांनी मधल्या सुट्टीची घंटा दिली आणि माझाच हात खिशात गेला. चॉकलेटं संपलीत. कुणी खाल्ली हा मुद्दा गौण. प्रयोग यशस्वी, प्राणी तेवढा बदलला.

१८ ऑगस्ट
मुलं शंका विचारायला घरी येऊ लागली! व्यक्तिमत्त्वाची ओढ, दुसरं काय? माझ्यासमोर बिचारी लाजतात, म्हणून थेट स्वयंपाकघरात बायकोकडे जाऊन बसतात. मी हॉलमध्ये पेपर वाचत त्यांना मोकळीक देतो.

६ ऑक्टोबर
स्वयंपाकघरात बसायला जागा उरली नाही. पाणी प्यायला गेलो तर सगळे एकदम गप्प. चष्मेवाली नुकतीच म्हणत होती, काकू, आत्ता कुठे डोक्यात शिरलं. काहीतरी विणकामाचं असावं. बायको म्हणाली, पाणी घेतलं असेल तर जाताना दार ओढून घ्या. माझा दरारा तिलाही जाणवतो.

१४ मार्च
परीक्षा. बाहेरून आलेली प्रश्नपत्रिका वाचून मला घाम फुटला. उकाडा फार आहे. पोरं मात्र मान वर न करता लिहीत होती. शेवटी पाया कुणी घातला?

२९ एप्रिल
सगळा वर्ग पास! तोही घसघशीत मार्कांनी! संध्याकाळी बेल वाजली. खिडकीतून पाहिलं तर सगळी पोरं, हातात फुलं. इस्त्रीचा शर्ट चढवला, चार शब्द मनाशी जुळवले आणि दार उघडलं.
चष्मेवालीनं विचारलं, सर, काकू आहेत ना घरात?

३० एप्रिल
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. पोरांनी त्यांना काकूंबद्दल सगळं सांगितलं होतं. कोर्स चालू राहणार. पुढच्या वर्षीपासून शिकवणार माझी बायको. मी भूगोलात परत. ती सायकॉलॉजीत एम.ए. आहे म्हणे, फर्स्ट क्लास. इतकी वर्षं मी होम सायन्स समजत होतो.

घरी येऊन जाब विचारला, हे मला कधी सांगणार होतीस? ती शांतपणे म्हणाली, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तुम्हीच विचारलंत, आणि माझं वाक्य संपायच्या आत स्वतःबद्दल सांगायला लागलात.

खूप ताण दिला डोक्याला. ती काय म्हणाली होती ते काही केल्या आठवत नाही.

मी काय म्हणालो होतो, ते मात्र शब्द न् शब्द आठवतंय.