आईच्या खांद्यावरचा हात

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे. मी प्रोजेक्टर घेऊन सदर भागातल्या हॉलवर चालली.

रोशनदादाच्या साक्षगंधात भिंतीवर दाखवायच्या घरच्या फोटोतून मेघाताईले लपव म्हणून तुम्ही सांगितलं होतं. ती सासर सोडून आली, म्हणून नवरीकडच्या नव्या पाहुण्यांले तुम्ही एकच मुलगी सांगितली. काल मी करून पाहिलं. लॅपटॉपवर तिच्यावर काळा चौकोन टाकला, की भिंतीवर तेवढ्याच जागेचा उजेड थांबते. बाकीचे सारे दिसतात.

पण तिचा हात आईच्या खांद्यावर राहून गेला. नुसता हात, हिरव्या बांगडीसकट. तो झाकाले गेली तर आईचा खांदा गेला. अजून सरकवला तर आईचा अर्धा चेहरा गेला. आई मागे उभी राहून पाहून राहिली होती. तुमच्या घरात ती काहून बोलन? तिनं फक्त आपल्या त्याच खांद्यावर हात ठेवला.

म्हणून मी तो चौकोन काढून टाकला. फोटो पूर्ण दिसन. मेघाताई पण येऊन राहिली आहे, मीच बोलावलं तिले. आई तिच्यासाठी साडी इस्त्री करून गेली आहे. तुम्हाले विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हटलं असतं.

तरी तिले झाकायचंच असेल तर प्रोजेक्टरसमोर तुम्ही स्वतः उभे राहा. मी तुम्हाले हटवणार नाही. फक्त भिंतीवर सावली तुमची पडन, अन् ती साऱ्या पाहुण्यांले दिसन.

भावना